तिसऱ्या दिवसाची सॅक

‘वासोटा झाला का?’ सातारा-कराडकडच्या कॉलेजांमध्ये हा प्रश्न ‘जेवलास का?’ इतक्याच सहज विचारला जातो. उत्तरही ठरलेलं असतं. पहाटे साताऱ्याहून बाईक काढायची, कासमार्गे बामणोली गाठायची, वन खात्याची परवानगी घ्यायची, शिवसागरातून लाँचने पलीकडे जायचं, घामाघूम होत गड चढायचा, बाबूकड्याचे फोटो काढायचे आणि अंधार पडायच्या आत परत. ट्रेक भारी आहे, वादच नाही. फक्त त्यात दुसरा दिवस उजाडत नाही.

रेंज ट्रेक खऱ्या अर्थाने सुरू होतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी. कालचे मोजे अजून ओले असतात. सॅक पाठीवर घेतली की पट्टे बरोबर कालच्याच वळांवर बसतात. बाटलीत अर्धा लिटर पाणी असतं आणि पुढचं पाणी नेमकं कुठे आहे यावर चौघांची चार मतं असतात. घरी जायचा रस्ता मागे आहे तितकाच पुढेही आहे. आणि अजून दोन दिवस बाकी आहेत.

सध्या यूट्यूबवर अमेरिकेतल्या ॲपलाचियन ट्रेलचे व्हिडिओ बघून ‘आपणही असं काहीतरी करूया’ म्हणणाऱ्यांची संख्या वाढली आहे. चांगलंच आहे. पण तो ट्रेल आणि आपला सह्याद्री यांत एक मोठा फरक आहे. साधारण साडेतीन हजार किलोमीटरच्या, १४ राज्यांतून जाणाऱ्या त्या वाटेवर झाडांवर, दगडांवर पांढऱ्या रंगाचे पट्टे मारलेले आहेत. काही तासांच्या अंतरावर मुक्कामासाठी निवारे बांधलेले आहेत. तरीही निघालेल्यांपैकी बहुतेक जण शेवटपर्यंत पोचत नाहीत. आपल्याकडे पट्टा नाही, निवारा नाही आणि ‘ट्रेल’ नावाची सरकारी गोष्टही नाही. आपल्याकडे वाट म्हणजे माणसांनी चालून चालून मळलेली वाट. माणूस चालायचा थांबला की दोन-चार पावसाळ्यांत ती गेली.

ही गोष्ट सातारा-सांगलीच्या पश्चिम कडेला जितकी ठळक दिसते तितकी दुसरीकडे क्वचितच दिसत असेल. महाबळेश्वरपासून कोयना, सोळशी आणि कांदाटीची खोरी, मग वासोटा, कोयनानगर, आणि खाली चांदोली, म्हणजे शिराळा तालुका. नकाशावर सरळ रेषेत हे अंतर शंभर किलोमीटरही भरत नाही. सलग चालत जावं असं कुणालाही वाटेल.

तर आधी ते स्वप्न जरा कापून घेऊ. कोयना आणि चांदोली ही अभयारण्यं १९८५ मध्ये जाहीर झाली. चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्यांचं नाव आलं. त्यामुळे जुन्या ट्रेकर्सच्या तोंडून ऐकलेले ‘आम्ही वासोट्यावर मुक्काम केला, मग जंगलातून दक्षिणेला निघालो’ हे किस्से आता किस्सेच आहेत. वासोट्याला आज फक्त दिवसाची परवानगी मिळते, चांदोलीत मणदूरकडून ठरलेल्या मार्गानेच आत जाता येतं आणि पावसाळ्यात दोन्ही बंद. विनापरवाना आत शिरणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. तरी पोरं जातात, रील टाकतात. मला त्यात शौर्य दिसत नाही. चोरून गेलेला माणूस कुणाला सांगून गेलेला नसतो, आणि पाय मुरगळला तर त्याला शोधायचं कुठून?

मग उरतं काय? बरंच. मकरंदगड, पर्वत, चकदेव ही उत्तरेकडची माळ तीन दिवस चालायला पुरेशी आहे. पर्वतावर जोम मल्लिकार्जुन, चकदेववर शैल चौकेश्वर, आणि मध्ये सोळशी-कांदाटीच्या खोऱ्यातली गावं. यातला कोणता टप्पा कुणाच्या हद्दीत येतो आणि कुठे परवानगी लागते, हे निघायच्या आधी वन खात्याच्या कार्यालयात विचारा. जुना ब्लॉग वाचून ठरवू नका.

पाणी ठरवतं, आपण नाही

पावसाळ्यात रोज पेपरात कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वरच्या पावसाचे आकडे तुम्ही वाचता. हंगामभरात पाच हजार मिलिमीटर म्हणजे तिथे नवल नाही. त्याच सांगली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जत-आटपाडीत, पाचशेच्या आसपास पडला तरी लोक समाधान मानतात. त्यामुळे जतचा मुलगा चांदोलीकडे बघून म्हणतो, इथे पाण्याला काय तोटा! तर मार्चमध्ये इथल्या धारेवर चालून बघा. हा सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि उतारावरून पळून जातो. खाली काळा कातळ, वर सड्यांवर जांभा. जांभ्यात मुरलेलं पाणी जिथे कातळाला अडून बाहेर पडतं तिथे झरा. डिसेंबरात तो वाहतो, फेब्रुवारीत ठिबकतो, एप्रिलमध्ये तिथे फक्त ओली माती आणि मधमाश्या असतात. गडांवर खोदीव टाकी आहेत ती याचसाठी. पण प्रत्येक टाक्यातलं पाणी पिण्यालायक असतं असं नाही.

म्हणून रेंज ट्रेकचा दिवस किलोमीटरवर आखत नाहीत, पाण्यावर आखतात. साधा हिशेब करा. दुपारी शेवटचा पाणवठा सोडून रात्री कोरड्या माथ्यावर राहायचं, तर पिणं, रात्रीची खिचडी आणि सकाळचा चहा धरून माणशी चार लिटर लागतंच. एक लिटर म्हणजे एक किलो. म्हणजे दिवसातली सगळ्यात मोठी चढण तुम्ही चार किलो जास्त घेऊन चढणार. त्यापेक्षा पाण्यापाशी, खरं तर पाण्यापासून थोडं बाजूला मुक्काम करा आणि सूर्यास्ताच्या फोटोवर पाणी सोडा. थोडं बाजूला अशासाठी, की रात्री त्या पाण्यावर हक्क जनावरांचा असतो. आणि झरा कितीही स्वच्छ दिसला तरी पाणी उकळा किंवा क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबा. घरी जुलाब लागले तर कॉलेज बुडतं. धारेवर लागले तर अख्खा ग्रुप अडकतो.

पाण्याची खात्रीची माहिती एकाच ठिकाणी मिळते, ती म्हणजे मागच्या गावात. ‘पुढं पाणी हाय का?’ एवढंच विचारू नका, कारण उत्तर ‘हाय की’ असंच येतं. ‘या महिन्यात आहे का? गुरं कुठं पाजता?’ असं विचारा. उत्तर एकदम बदलतं.

गुटख्याची पुडी आणि ढोरवाट

आता वाटेबद्दल. या डोंगरातल्या घाटवाटा मजेसाठी पडलेल्या नाहीत. कोकणातून मीठ आणि सुकी मासळी वर यायची, देशावरून धान्य खाली जायचं. सोयरीक, बाजार, जत्रा, सगळं याच वाटांनी. मग आंबेनळी, कुंभार्ली, रघुवीर असे गाडीचे घाट झाले आणि पायवाटांचं काम संपलं. कोयनेचं धरण १९६० च्या दशकात उभं राहिलं आणि शिवसागराखाली गावं गेली. चांदोलीतल्या ३२ गावांचं पुनर्वसन झालं. झोळंबी, गोठणे ही नावं आज नकाशावर आहेत, पण तिथे वाट विचारायला माणूस नाही. उरलेल्या जावळी-पाटणच्या वाड्यांमधला तरुण पुण्या-मुंबईला. माथाडी कामगारांमध्ये या दोन तालुक्यांची माणसं किती आहेत हे तुमच्यातल्या कितीतरी जणांना घरूनच माहीत असेल. घरं कुलूपबंद, ती उघडणार गणपतीला नाहीतर यात्रेला.

याचा तुमच्या ट्रेकशी संबंध असा, की ज्या पायांनी वाट मळायची ते पाय गेले. कुणीतरी चार वर्षांपूर्वी डिसेंबरात चालून अपलोड केलेला जीपीएस ट्रॅक तुमच्या फोनवर छान निळी रेघ दाखवतो. प्रत्यक्षात तिथे डोक्याइतकं गवत, नाहीतर कारवीचं रान. कारवीत शिरलं की तासाला एक किलोमीटरही सरकत नाही आणि हातापायांवर ओरखडे उठतात ते वेगळेच.

१८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक सोपा हिशेब मांडला होता. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर चढायच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास. पंधरा किलोमीटर आणि नऊशे मीटर चढ म्हणजे साडेचार तास. हा हिशेब करा आणि सह्याद्रीत त्याला सरळ दोनने गुणा. नऊ तास. म्हणजे सकाळी सातला निघालात तर चारला पोचाल, तेही वाट चुकला नाहीत तर. दहाला उठून ‘आरामात निघू’ म्हणणाऱ्यांचा शेवटचा टप्पा कायम टॉर्चच्या उजेडात होतो, आणि सगळे घोटाळे तिथेच होतात.

वाट ओळखायला शिकणं हे खरं शिक्षण. गुरांच्या वाटा उतारावर पंख्यासारख्या फुटत जातात आणि चाऱ्यापाशी किंवा पाण्यापाशी विरतात. माणसांची वाट उंची धरून ठेवते, ओढा सोयीच्या जागी ओलांडते आणि खिंडीकडे जाते. झाडावर कोयत्याचे जुने घाव, एकावर एक ठेवलेले दगड, पायाने गुळगुळीत झालेला खडक, चढावर खोदलेली एखादी पावठी, या खुणा शोधा. आणि हे लिहायला वाईट वाटतं, पण जंगलात माणूस इथून गेल्याची सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे गुटख्याची रिकामी पुडी. खूण म्हणून वापरा आणि उचलून सॅकमध्ये टाका.

पंधरा मिनिटं चालूनही यातलं काहीच दिसलं नाही, तर शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे या. ओढ्याच्या पात्रातून खाली उतरत राहायचं, कुठेतरी गाव लागेलच, हा विचार मैदानात ठीक आहे. इथे ओढा कड्यावरून खाली उडी मारतो.

सॅक उचलून बघा

साधारण नियम असा की सॅकचं वजन तुमच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. साठ किलोच्या मुलाला बारा, पन्नास किलोच्या मुलीला दहा, तेही पाणी धरून. घरी भरताना प्रत्येक वस्तू गरजेची वाटते. तिसऱ्या दिवशी सॅकच्या तळाशी जे न वापरता पडलेलं असतं, ती तुमची पुढच्या वेळची कात्री. बहुतेक वेळा तिथे जीन्स, ब्लूटूथ स्पीकर आणि तिसरा टी-शर्ट सापडतो. कमी पडलेलं असतं ते मात्र कायम तेच: मोज्यांचा कोरडा जोड, हेडलॅम्पचे सेल आणि गरम कपडे. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याची बातमी जवळपास दर हिवाळ्यात येते ना? ती थंडी पलीकडच्या खोऱ्यातही असते, फक्त तिथे बातमीदार नसतो.

पायांबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण तिसऱ्या दिवशी दम लागून कुणी मागे फिरत नाही. फोड आले म्हणून फिरतात. आपल्याकडे लांब चालण्याचं शास्त्र वारकऱ्यांना जितकं कळतं तितकं कुणाला नाही. माउलींच्या पालखीसोबत लोणंद, तरडगाव, फलटणमार्गे चालणाऱ्या एखाद्या आजींना विचारा. पाय दुखायच्या आधी थांबायचं, हे त्या सांगतील. वारीत सामान ट्रकमध्ये असतं आणि गावोगावी पाणी असतं. तुमच्याकडे दोन्ही नाही, म्हणून जास्तच जपा. नखं दोन दिवस आधी कापा. टाच जरा चुरचुरली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावा, ‘पुढच्या टप्प्यावर बघू’ नको. जेवणाच्या सुट्टीत बूट-मोजे काढून पाय वाळवा. उतरणीला नाडी घट्ट बांधा, नाहीतर अंगठ्याचं नख काळं पडतं. फोड आलाच तर वरची कातडी सोलू नका. आणि कोरे करकरीत बूट घालून रेंज ट्रेकला जाणाऱ्याला मी काही सांगणार नाही, त्याला ट्रेकच सांगेल.

खाण्याचं आपल्याकडे सोपं आहे, बाहेरच्या महागड्या एनर्जी बारची गरज नाही. तासगावचे बेदाणे, भाजलेले शेंगदाणे, गुळाचे खडे, सगळं एका पिशवीत. दर तासाला मूठभर. पहिल्या दिवसाला भाकरी आणि ठेचा, नंतर खिचडी, पोहे. साताऱ्याचे कंदी पेढे न्यायला हरकत नाही, पहिल्या चढावरच संपतात. छोटा गॅस स्टोव्ह न्या. राखीव जंगलात आग पेटवणं गुन्हा आहेच, पण फेब्रुवारीनंतर वाळलेल्या गवतात एक ठिणगी अख्खा डोंगर काळा करते, आणि त्या वणव्यात गावातल्यांचा चारा जळतो.

एक विषय कुणी बोलत नाही. संडासला कुठे जायचं? पाण्यापासून किमान सत्तर पावलं लांब, वीतभर खड्डा करून, वर माती. एक छोटी खुरपी ग्रुपमध्ये हवीच. पाळी असेल तर ट्रेक रद्द करायची गरज नाही. पॅड कागदात गुंडाळून दुहेरी झिप पिशवीत घाला आणि परत आणा. पुरू नका, जाळू नका. आणि ग्रुपमधल्या मुलांनो, मुलीने ‘पाच मिनिटं थांबा’ म्हटलं तर कारण न विचारता पुढच्या वळणावर थांबा. पाणी पिणं टाळणाऱ्या मुली कमी नाहीत, आणि त्यांना चक्कर येण्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

जनावरांची भीती सगळ्यांना असते, पण चुकीच्या जनावराची. चांदोलीत २०१८ मध्ये कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघ आला तेव्हापासून सगळे वाघाबद्दलच विचारतात. वाघ तुम्हाला दिसणार नाही. सावध राहायचं ते एकट्या गव्यापासून, पिल्लांसोबतच्या अस्वलापासून आणि सगळ्यात जास्त आग्या मोहोळापासून. कड्यावर मोहोळ दिसलं की परफ्यूम, धूर, आरडाओरडा काही नको, गप निघा. जंगलात दाट झाडीतून जाताना मात्र नेहमीच्या आवाजात बोलत चला, म्हणजे अस्वल दचकत नाही. सापांचं बत्तीस शिराळ्याच्या मुलांना वेगळं सांगायला नको, बाकीच्यांनी लक्षात ठेवा: चावा कापायचा नाही, चोखायचा नाही, करकचून बांधायचं नाही. तो हात किंवा पाय हलू न देता, शक्यतो उचलूनच, सरकारी दवाखाना गाठायचा. आता विचार करा, तुम्ही दवाखान्यापासून किती तासांवर आहात? मुक्कामाची प्रत्येक जागा निवडताना हा प्रश्न विचारायचा.

तिसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट हमखास होते. भांडण. कारण क्षुल्लक असतं. कुणी जास्त पाणी प्यायलं, कुणी भांडी घासली नाहीत. मूळ कारण वेगळं: पुढचे पळतात, मागचा एकटा पडतो, तो धापा टाकत पोचतो तोवर पुढच्यांची विश्रांती संपलेली असते आणि ते लगेच उठतात. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे त्यालाच विश्रांती मिळत नाही. सगळ्यात हळू चालणाऱ्याला दुसऱ्या नंबरवर ठेवा आणि अनुभवी माणूस शेवटी. वेग आपोआप ठरतो.

राहिलं गाव. खोऱ्यातल्या वाडीत संध्याकाळी पोचलात तर दारात बहुधा एखादी आजी भेटेल. देवळात झोपायची परवानगी त्यांना किंवा पोलीसपाटलांना विचारा. देवळात मुक्काम असेल तर अंडंसुद्धा नको, दारूचं तर नावच नको. जेवण मिळतं का विचारायला संकोच करू नका, पण पैसे आधी ठरवा आणि नंतर घासाघीस करू नका. मीठ, तेल, गॅसची टाकी, सगळं तिथे लांबून, कधी लाँचने येतं. ‘गावातली माणसं किती साधी, पैसेच घेत नाहीत’ हे वाक्य फेसबुकवर छान दिसतं. आजींनी नाही म्हटलं तरी ताटाखाली ठेवून या.

आणि त्याच आजींना उद्याची वाट विचारा. जमलं तर वाडीतला एखादा वाटाड्या पहिल्या खिंडीपर्यंत सोबत घ्या, त्याची मजुरी द्या. फोनमधल्या निळ्या रेघेपेक्षा त्याला त्या रानातलं जास्त कळतं, आणि तो चालला की वाटही थोडी मळते.

घरच्यांना थापा मारून जाऊ नका. खोऱ्यात तासन्‌तास रेंज नसते. कागदावर मार्ग, प्रत्येक रात्रीचा मुक्काम आणि ‘रविवारी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करा’ एवढं लिहून घरी एक प्रत आणि शेवटच्या गावात एक प्रत द्या. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन आहे, तिचा नंबर आणि ११२ दोन्ही घरच्यांच्या फोनमध्ये सेव्ह करा. तुमच्या फोनला रेंज नसणार, त्यांच्या फोनला असेल.

पहिल्यांदाच जाणार असाल तर डिसेंबर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरा, इंटर्नल्स सांभाळून. चौघं ते सहा जण, तीन दिवस, दोन मुक्काम, त्यातला एक गावात. परतीला एखाद्या गावात मुक्कामी एसटी असते. ती सकाळी नेमकी किती वाजता सुटते हे ड्रायव्हर-कंडक्टरला रात्रीच विचारून ठेवा. ती चुकली तर पुढची गाडी दुपारी असेल, किंवा नसेलही.